सोसायटीच्या आवारात पाऊस जिरवायचा, ऊन अडवायचं: कामांचा क्रम, चाचण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

पाच जूनला रोपं लागतात, त्याच महिन्यात ठेकेदार शोषखड्डा खणून जातो आणि कुणीतरी उत्साहाने तापमानाचा सेन्सर गच्चीवर बसवतं. दोन वर्षांनी त्याच सोसायटीत जाऊन पाहिलं तर खड्डा गाळाने भरलेला असतो, रोपं बहुतेक वाळलेली असतात आणि सेन्सरची बॅटरी कधी संपली हे कुणालाच सांगता येत नाही. पार्किंगमध्ये मात्र पूर्वीसारखंच पाणी तुंबतं आणि वरच्या मजल्यावरचे लोक मे महिन्यात पूर्वीसारखेच भाजून निघतात. कामं सगळी चांगली आहेत, पण ती उलट्या क्रमाने होतात. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

उदाहरण म्हणून पुण्यातली सुमारे एक एकराची सोसायटी घेऊ. १,२०० चौरस मीटर छत, २,००० चौरस मीटर फरसबंदी आणि उरलेली ८०० चौरस मीटर माती. नाशिक, संभाजीनगर, सातारा अशा पठारावरच्या काळ्या कातळाच्या गावांनाही हेच लागू पडेल. कोकणात आणि मुंबईत जिथे पावसाळ्यात भूजल जमिनीलगत येतं, तिथे जिरवण्याचे टप्पे तसेच्या तसे वापरू नका. तिथे पाणी साठवण्यावर आणि निचऱ्यावर भर द्यावा लागतो.

वर्षाचं वेळापत्रक आधी ठरवा

पहिला पाऊस आणि त्याच्या मागेपुढे येणारा एक उन्हाळा फक्त मोजणीसाठी ठेवा. खोदकाम ऑक्टोबर ते एप्रिल (झाडांचे खड्डे तेवढे मेमध्ये), गच्चीचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, रोपं पुढच्या जूनच्या शेवटी किंवा जुलैत. म्हणजे सगळं मिळून सुमारे दीड वर्ष. "एवढा वेळ कशाला?" असं सर्वसाधारण सभेत नक्की विचारलं जाईल. एकदा बुजलेला खड्डा पुन्हा खणायला पैसे मंजूर करून घेणं त्याहून कितीतरी अवघड असतं, हे उत्तर तयार ठेवा.

## टप्पा १: पावसात उभं राहून नकाशा काढा

१. मंजूर आराखड्याची झेरॉक्स घ्या. तिच्यावर ड्रेनेजच्या चेंबर, पाण्याची लाइन, विजेची केबल, गॅसची पाइपलाइन आणि गच्चीवरून उतरणारे सगळे डाउनटेक पाइप खुणांनी दाखवा. जुन्या प्लंबरला सोबत घ्या. कागदावर नसलेल्या लाइन त्याच्या डोक्यात असतात.

२. जोराची सर आली की छत्री घेऊन खाली या. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबतं हे मोबाइलवर व्हिडिओ काढत पाहा आणि वेळ बोलून नोंदवा. सर ओसरल्यावर पाण्याची कड खडूने आखा आणि तासाभराने परत जाऊन कड कुठपर्यंत सरकली ते बघा.

३. शेजारच्या आवारातून किंवा रस्त्यावरून आत येणारं पाणी वेगळ्या रंगाने दाखवा. ते तुमच्या खड्ड्याच्या हिशेबात धरायचं नाही. आधी अडवायचं किंवा वळवायचं.

४. जुना ओढा शोधा. गावातली जुनी माणसं, जुने मोजणी नकाशे आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रं यांतून कळतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये शिरलं. पाण्याला त्याची जुनी वाट आठवते. तुमची सीमाभिंत अशा वाटेवर आडवी उभी असेल तर ती बाब इंजिनिअरला आधी दाखवा, बाकी सगळं नंतर.

५. उन्हाचा नकाशा एप्रिल-मेमध्ये काढा. दुपारी तीन वाजता ठरलेल्या दहा जागांचे फोटो घ्या. मुलं कुठे खेळतात, वॉचमन कुठे बसतो, भाजीवाला कुठे थांबतो, त्या जागा यात हव्यातच. सावली नेमकी तिथेच लागणार आहे.

इशारा: बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त मिळतो आणि उपयोगीही आहे, पण चकचकीत पत्र्यावर तो खोटं सांगतो. पत्रा हाताला चटका देत असतो आणि आकडा थंड दिसतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, ती तापू द्या आणि मग टेपवर नेम धरून मोजा.

## टप्पा २: लिटरमध्ये हिशेब करा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बाकी सगळं गणित यातूनच निघतं. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. १,२०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पडला आणि त्यातला ८० टक्के हाती आला, तर ६ लाख ७२ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सदुसष्ट टँकर. हा आकडा सभेत सांगितला की लोक सरसावून बसतात.

पण खड्ड्याचं माप वर्षाच्या पावसावर ठरत नाही. ते एका सरीवर ठरतं. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर त्याच छतावरून ४८,००० लिटर पाणी खाली येतं. आता ठेकेदाराचा नेहमीचा दोन मीटर लांब, दोन रुंद आणि दोन खोल खड्डा घ्या. तो दगडगोट्यांनी भरला की पोकळी उरते जेमतेम ४० टक्के, म्हणजे ३,२०० लिटर. एक खड्डा काढून "आमचं रेनवॉटर झालं" असं म्हणणाऱ्यांनी ही दोन मापं शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

यातून निष्कर्ष असा की पाणी अनेक ठिकाणी थोडं थोडं थांबवायचं, आणि जे थांबणार नाही त्याला बाहेर जायची सुरक्षित वाट ठेवायची. ओव्हरफ्लो नसलेली एकही रचना करायची नाही.

## टप्पा ३: जमिनीला विचारा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. माझ्या अनुभवात पैसे सर्वांत जास्त याच चुकीमुळे वाया गेले आहेत.

१. जिथे पाणी जिरवायचा विचार आहे तिथे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणा. बाजू कुदळीने चोपून गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून घ्या.

२. तळाला दोन बोटं बारीक खडी टाका, म्हणजे पाणी ओतताना माती उधळणार नाही.

३. काठोकाठ भरा आणि पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा, पुन्हा जिरू द्या. ही पहिली दोन भरणं मोजायची नाहीत.

४. तिसऱ्यांदा भरल्यावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि दर अर्ध्या तासाने पातळी किती उतरली ते लिहा. हाच तुमचा झिरपण्याचा वेग.

दोन भरणं का सोडायची ते आमच्याच आवारात पाहिलं. मार्च महिना होता, माती काळी, भेगाळलेली. पहिली बादली ओतली तशी गटागट आत गेली, वीस मिनिटांत खड्डा कोरडा. सगळे खूश झाले, ठेकेदाराने तिथल्या तिथे जागा पक्की केली. हट्टाने आणखी दोनदा भरायला लावलं. तिसऱ्या वेळेस पट्टीवरची ओली रेघ तासाभरात फक्त सहा मिलिमीटर खाली सरकली. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याची टाकी होते. तिथून पंधरा पावलांवर मुरमात तीच चाचणी केली, तर तासाला चाळीस मिलिमीटरच्या वर उतरलं. खड्डा तिकडे हलवला.

निकाल असा वाचा: तासाला २५ मिलिमीटरच्या वर असेल तर जागा उत्तम. १० ते २५ असेल तर चालेल, पण उथळ आणि पसरट रचना करा. १० च्या खाली असेल तर तिथे जिरवायचा नाद सोडा. झाडं लावा, किंवा पाणी पाइपाने चांगल्या जागी न्या.

तपासा: इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर अंतर आहे ना? सेप्टिक टँक किंवा मैलापाण्याच्या लाइनपासून दूर आहे ना? दोन्हीची उत्तरं "हो" असतील तरच कुदळ पुढे चालवा.

## टप्पा ४: छताचं पाणी

आवारातलं सर्वांत स्वच्छ पाणी छतावरून येतं, म्हणून पहिला पैसा इथे खर्च करा. आधी साठवण, मग बोअरचं पुनर्भरण (म्हणजे पाणी बोअरमधून जमिनीत सोडणं), आणि उरलेलं शोषखड्ड्यात.

१. मे अखेरीस गच्ची झाडून घ्या. कबुतरांची घाण, कुंड्यांची माती, फुटलेल्या टाकीचे तुकडे, सगळं खाली उतरवा.

२. प्रत्येक डाउनटेकला जमिनीजवळ टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा. पहिल्या पावसाचं पाणी याच वाटेने गटारात सोडायचं. एका पाइपवर २०० चौरस मीटर छताचं पाणी येत असेल, तर पहिले दोन मिलिमीटर म्हणजे ४०० लिटर. मोठ्या खंडानंतरच्या पावसातही हे करा.

३. त्यानंतर फिल्टरची टाकी. तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, सर्वांत वर जाड वाळू. वाळूच्या वर नायलॉनची जाळी अंथरा. गाळ जाळीवर बसतो आणि जाळी उचलून धुता येते. जाळी नसेल तर दोन पावसांत अख्खी वाळू बदलावी लागते.

४. फिल्टरनंतरच बोअर. आणि बोअर पाणी घेतो का, हे आधी तपासायचं. दोरीला वजन बांधून बोअरमधली पाण्याची पातळी मोजा, स्वच्छ पाण्याचा एक टँकर हळूहळू सोडा आणि पातळी परत मूळ जागी यायला किती वेळ लागतो ते पाहा. कातळातल्या भेगा उघड्या असतील तर पाणी लवकर खाली जातं. दुसऱ्या दिवशीही बोअर वरपर्यंत भरलेला दिसला तर त्याच्यावर खर्च करू नका. कोरडा पडलेला बोअर पुनर्भरणाला चांगला असेलच असं नाही. काही बोअर कोरडे असतात कारण त्यांना एकही भेग लागलेली नसते.

५. पुनर्भरणाआधी आणि पहिल्या पावसाळ्यानंतर बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. क्षार आणि कोलिफॉर्म जिवाणू हे दोन निकाल नक्की मागा.

सावधान: पार्किंगचं, रस्त्याचं आणि बागेचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका, फिल्टर लावूनसुद्धा. वाळू गाळ अडवते. तेल, कीटकनाशक आणि कुत्र्यामांजरांच्या घाणीतले जंतू ती भरवशाने अडवत नाही. तुमच्या बोअरची भेग शेजारच्या बोअरला जोडलेली असू शकते. खराब पाणी एकट्या तुमच्यापुरतं राहत नाही.

नेहमीची चूक: शोषखड्ड्यात विटांचे तुकडे आणि बांधकामाचा राडारोडा भरणं. ठेकेदाराला तो फुकट मिळतो. वर्षभरात त्याचा चिखल होतो आणि पोकळी बुजते. खड्डा भरला जात असताना समितीतल्या एकाने तिथे उभं राहायलाच हवं.

पुनर्भरण आणि सौरऊर्जा अशा गोष्टींसाठी पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. काम चालू असताना प्रत्येक थराचे फोटो काढून ठेवा, खड्डा झाकल्यावर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

## टप्पा ५: फरसबंदी उघडा, पावसाची बाग करा

"आमचे पेव्हर ब्लॉक आहेत, पाणी सांध्यांतून जिरतं," हे फार वेळा ऐकलंय. एक ब्लॉक उचलून खाली बघा. बहुतेक ठिकाणी खाली पीसीसी, म्हणजे सळया नसलेलं साधं काँक्रीट, ओतलेलं असतं. मग सांध्यातून गेलेलं पाणी काँक्रीटवरच थांबतं.

सगळं उखडायची गरज नाही. टप्पा १ मध्ये जिथे खडूची रेघ सर्वांत उशिरा सरकली, तिच्या जवळची पट्टी निवडा. तिथे पाणी थांबून जिरेल असा, झाडं लावलेला उथळ खळगा करायचा. हीच पावसाची बाग.

१. अग्निशमन गाडीचा मार्ग आधी आखा आणि तो सोडून द्या. तिथे जमीन मऊ करायची नाही. ही अट कुणाच्याही आग्रहाखातर मोडू नका.

२. माप काढा. १०० चौरस मीटर फरशीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के वाहून आला तर २,००० लिटर. वीस सेंटिमीटर खोल खळग्याला त्यासाठी १० चौरस मीटर जागा लागते. चाचणीत तासाला १५ मिलिमीटर आले असतील तर हे पाणी साधारण तेरा-चौदा तासांत जिरेल.

३. पीसीसी तोडून काढा आणि खालची दाबलेली माती दीड-दोन फूट खणून सैल करा. वरच्या मिश्रणात निम्मी जाड वाळू किंवा कच, पाव भाग पोयटा आणि पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट.

४. तळ सपाट ठेवा. पाणीपातळीची नळी लावून तपासा, डोळ्यांवर भरवसा नको.

५. पाणी आत येतं तिथे हातभर जागेत दगड पसरा, नाहीतर पहिल्याच सरीत माती वाहून जाईल. बाहेर पडायची वाट तळापासून २० सेंटिमीटर उंचीवर ठेवा आणि ती पावसाळी गटाराला जोडा.

६. खळग्यात वाळा, कर्दळ, वेखंड, लिली. कडेला गवती चहा आणि अडुळसा. ही झाडं काही तास पाण्यात उभी राहतात. वाळा आणि गवती चहा एप्रिलमध्ये थोड्या पाण्यावर निभावतात. वेखंडाला मात्र ओल हवी, ते सर्वांत खोल जागी लावा.

सर्वांत मोठी चूक: बाग रस्त्यापेक्षा उंच करणं. आपल्याकडे बागेला कट्टा बांधायची सवय आहे. कट्ट्यामुळे पावसाचं पाणी बागेबाहेरच राहतं आणि बागेतली माती वाहून फरशीवर येते. जुना कट्टा असेल तर निदान उताराच्या बाजूला दर दोन मीटरवर वीतभर खाच पाडा आणि आतली माती फरशीच्या पातळीखाली उतरवा. एका सकाळचं काम आहे, खर्च जवळजवळ नाही, आणि त्याच दिवशी फरक दिसतो.

तपासा: पाऊस थांबल्यावर २४ तासांत खळगा रिकामा झाला का? ४८ तास झाले तरी पाणी दिसत असेल तर रचना चुकली आहे. डासांच्या अंड्यातून डास निघायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. वेळेवर रिकामी होणारी पावसाची बाग डास वाढवत नाही. लोकांची पहिली तक्रार हीच असते, म्हणून रिकाम्या खळग्याचा दुसऱ्या दिवशीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका.

## टप्पा ६: झाडं

नव्या रोपाआधी जुनं झाड. तीस वर्षांच्या कडुनिंबाची सावली आज लावलेलं कोणतंही रोप पुढची पंधरा वर्षं देऊ शकणार नाही.

१. जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर त्रिज्येची फरसबंदी आणि काँक्रीट काढा. हाताने, पहारीने. ब्रेकर मशीन मुळांजवळ नेऊ नका.

२. खोडात रुतलेल्या तारा, पाट्या, लायटिंगच्या माळा उतरवा. जिथे तार गिळली गेली आहे तिथे ती ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापा.

३. केबल किंवा पाइपसाठी झाडाजवळ चर खणू नका. एका बाजूची मुळं तुटलेलं झाड दोन-तीन वर्षं ठीक दिसतं आणि मग वळवाच्या वाऱ्यात पडतं. दोष झाडाला लागतो.

४. छाटणी करायची असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली खासगी आवारातलं झाडही येतं. शेंडा उडवू नका. उडवलेल्या जागी फुटणाऱ्या फांद्या कच्च्या जोडाच्या असतात आणि त्याच पुढे मोडतात.

आता नवी रोपं. प्रत्येक झाडासाठी जागा आधी ठरवा, नर्सरीत नंतर जा. दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, सावली तिथे हवी. इथे एक गोष्ट हमखास चुकते. बहावा सगळ्यांना आवडतो, मलाही, पण एप्रिल-मेमध्ये तो पानं गाळून फुलतो. सावलीची गरज असते त्याच महिन्यांत त्याच्याखाली ऊन असतं. शोभेच्या जागी बहावा लावा, बाकाशेजारी नको. करंज आणि कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी घेतात आणि मेमध्ये दाट असतात. बकुळ वर्षभर हिरवी असते, हळू वाढते, इमारतीजवळही चालते. ताम्हण मध्यम उंचीचं आहे आणि ओल सोसतं, त्यामुळे पावसाच्या बागेच्या कडेला योग्य. वड, पिंपळ, उंबर भिंतीपासून आणि टाक्यांपासून लांब, मोठी जागा असेल तरच. गुलमोहर आणि रेन ट्री झपाट्याने वाढतात, पण वाऱ्यात त्यांच्या फांद्या मोडतात. वाहनांच्या वर नकोत.

खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल, आणि तो मे महिन्यातच खणून तापू द्या. रोप पाच-सहा फुटांचं घ्या. पिशवी पूर्ण काढा. मुळं गोल गोल फिरलेली असतील तर उभी कापून मोकळी करा. काठी बांधताना सुतळीचा आठचा आकडा करा, म्हणजे खोड थोडं हलतं आणि जाड होतं. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर, दुसऱ्या वर्षी एकदा, तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याला. तीन उन्हाळ्यांचं पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरलेलं नसेल तर रोपांची संख्या कमी करा. पाच रोपं जगवणं पन्नास लावण्यापेक्षा मोलाचं आहे.

## टप्पा ७: गच्ची

क्रम असा: गळती शोधणं, वॉटरप्रूफिंग, आणि सर्वांत शेवटी पांढरा थर. ओल्या, फुटक्या कोब्यावर मारलेला पांढरा रंग पहिल्याच पावसात पापुद्र्यांसारखा सुटतो आणि फिल्टरच्या जाळीवर जाऊन बसतो. आधीच पांढरं चायना मोझॅक असेल तर रंगाची घाई नको. नुसतं घासून धुवा आणि दुपारी मोजून बघा.

ऊन परतवणारा रंग घेताना डब्यावर सौर परावर्तनाचा आकडा छापलेला आहे का ते पाहा, नुसता "कूल" शब्द पुरेसा नाही. वरच्या मजल्यावरच्या घरात दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून दर मार्चमध्ये गच्ची धुवायची.

सावधान: गच्चीवर माती टाकून बाग करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. लोक वावरतील अशा सपाट छतासाठी भारतीय मानकात वापराचा भार साधारण दर चौरस मीटरला १५० किलो धरतात. फक्त १५ सेंटिमीटर ओल्या मातीचं वजन २५० किलोच्या आसपास जातं. कुंड्या ठेवायच्याच असतील तर बीम आणि कॉलमच्या रेषेवर, भिंतींना लागून.

## टप्पा ८: यंत्रं आता घ्या

प्रत्येक उपकरण घेण्याआधी एक ओळ लिहा: "हा आकडा अमुक झाला तर अमुक माणूस अमुक करेल." ही ओळ लिहिता येत नसेल तर उपकरण घेऊ नका.

१. पर्जन्यमापक. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा काचेचा डबा आणि पट्टी चालते. निमुळती बादली चालत नाही. झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवू नका. रोज सकाळी साडेआठला वाचा. हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, त्यामुळे आकडे जुळवता येतात.

२. तापमान आणि आर्द्रता. सेन्सर थेट उन्हात किंवा पश्चिमेच्या भिंतीवर लावला तर तो हवेचं नव्हे, भिंतीचं तापमान सांगतो. जमिनीपासून दीड मीटर, सावलीत, वारा खेळेल असा. दोन जागांची तुलना करायची असेल तर दोन्ही सेन्सर आधी एक दिवस शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवा. स्वस्त सेन्सर एकमेकांपासून अंशभर सहज चुकतात.

३. टाकी आणि बोअरची पातळी. टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर चांगलं काम करतो. बोअरसाठी महिन्यातून एकदा दोरी सोडणं पुरेसं आहे.

४. मातीची ओल. ठिबक आपोआप बंद-चालू करायचं असेल तरच. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या. उघड्या धातूच्या दोन काट्यांचा घेतलात तर काही महिन्यांत काटे गंजतात आणि आकडे भरकटतात.

५. इशारे. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला मुसळधार म्हणतं आणि ११५.६ पासून पुढच्याला अतिमुसळधार. यलो, ऑरेंज, रेड हे इशारे सहसा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतात. तुमचं आवार तासाभराच्या ३० मिलिमीटरलाही तुंबू शकतं, आणि तुमचा आकडा तुमच्या पर्जन्यमापकातूनच कळेल. म्हणून जिल्ह्याचा इशारा तयारीसाठी आणि पुढच्या दोन-तीन तासांचा तात्कालिक अंदाज हालचालीसाठी, असे दोन्ही बघा.

ऑरेंज इशारा आला की काय करायचं याचा कागद वॉचमनच्या केबिनमध्ये मराठीत आणि हिंदीत चिकटवा. गटाराच्या जाळ्यांवरचा पालापाचोळा उचला. बेसमेंटच्या पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच) हाताने उचलून पंप चालू होतो का पाहा. पाणी बेसमेंटमध्ये शिरायला लागलं तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. पाण्यात उभ्या असलेल्या मीटर पॅनलला कुणीही हात लावायचा नाही, आधी वीज कंपनीला फोन.

नेहमीची चूक: सगळी माहिती एकाच उत्साही सभासदाच्या फोनवर असते. तो घर बदलतो आणि तीन वर्षांच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. खातं सोसायटीच्या ईमेलवर उघडा आणि दर महिन्याला आकडे वहीतही उतरवा.

## टप्पा ९: देखभालीची वही

वही जाड पुठ्ठ्याची, केबिनमध्ये दोरीने बांधलेली. मे अखेरीस गच्ची, जाळ्या, व्हॉल्व्ह आणि फ्लोट. पहिल्या पावसात व्हॉल्व्ह उघडले कोणी आणि बंद केले कोणी, दोन्ही सह्या. प्रत्येक मुसळधार पावसानंतर खळगे किती तासांत रिकामे झाले. हा आकडा वर्षागणिक वाढत असेल तर वरच्या दोन बोटं मातीवर गाळाची साय बसली आहे, ती खरवडून नवं मिश्रण टाका. ऑक्टोबरमध्ये फिल्टरची वाळू काढून धुवा आणि बोअरची पातळी मोजा. तीच मोजणी मार्चमध्ये पुन्हा करा, पंप किमान आठ तास बंद ठेवून, नाहीतर आकडा पंपाने ओढलेल्या पाण्याचा येतो. झाडांसाठी वेगळं पान ठेवा: रोपाचा क्रमांक, पाणी घातल्याची तारीख, कोणी घातलं. काठीची सुतळी खोडात रुतते आहे का ते दर सहा महिन्यांनी पाहा आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काठी आणि ट्री गार्ड दोन्ही काढून टाका.